ईमेल खातं तुमच्या नावाचं, ताबा कोणाचा?

बेळगावच्या सीमाभागात बऱ्याच जणांचं ईमेल खातं त्यांनी स्वतः काढलेलं नसतं. मुलीला सीईटीचा अर्ज भरायचा असतो, शिष्यवृत्तीसाठी सरकारी पोर्टलवर नाव नोंदवायचं असतं, रिटायर होऊन आलेल्या जवानाला पेन्शनचं ‘स्पर्श’ खातं सुरू करायचं असतं. मग खानापूर स्टँडजवळचं किंवा वडगावातलं एखादं ऑनलाइन सेंटर गाठायचं. तिथला मुलगा विचारतो, “काका, मेल आयडी हाय काय?” नाही म्हटलं की तो तिथल्या तिथे काढून देतो. पासवर्ड म्हणून काकांचं नाव आणि जन्मसाल. काकांच्या मोबाइलला रेंज नाही, म्हणून ओटीपीसाठी नंबर त्याचाच. अर्ज जातो, पावती मिळते, काका घरी येतात. खातं मात्र सेंटरच्या कॉम्प्युटरवर उघडंच राहतं.

ही सेंटरवाली मुलं चोर नाहीत. कन्नड आणि इंग्रजी फॉर्म समजावून, भरून देणारी ती नसती तर आपल्याकडे कितीतरी घरांची कामं अडून बसली असती. पण उद्या तो मुलगा नोकरीला गोव्यात गेला, दुकान बंद पडलं, कॉम्प्युटर जुन्या बाजारात विकला गेला, तर तुमचं खातं कोणाच्या हाती लागेल हे त्यालाही सांगता येणार नाही.

आपण मेल फारसे वाचत नाही, म्हणून त्या खात्याची किंमत लक्षात येत नाही. एकदा फेसबुकवर, कॉलेजच्या पोर्टलवर किंवा नोकरीच्या साइटवर जाऊन ‘पासवर्ड विसरलात?’ दाबून बघा. नवा पासवर्ड ठरवायची लिंक बहुतेक ठिकाणी ईमेलवरच येते. घरातल्या सगळ्या चाव्या एकाच खुंटीला अडकवाव्यात, तसं हे झालंय. खुंटीपर्यंत ज्याचा हात पोचला त्याला एकेक कुलूप फोडत बसावं लागत नाही. त्यामुळे कुठलंही टूल डाउनलोड करण्याआधी पहिलं काम एकच: खातं पूर्णपणे आपल्या ताब्यात आणणं. त्याला पैसे लागत नाहीत, थोडा निवांत वेळ लागतो.

आधी ताबा घ्या

आपल्याकडे बहुतेकांचं खातं जीमेलचं असतं, म्हणून तेच धरून सांगतो. याहू आणि आउटलुकमध्येही हीच व्यवस्था आहे, फक्त बटणं वेगळ्या जागी आहेत. जीमेल ॲपमध्ये वर उजवीकडे तुमच्या फोटोचं किंवा नावाच्या अक्षराचं गोल चिन्ह असतं. त्यावर दाबा, गूगल अकाउंट मॅनेज करण्याचा पर्याय उघडा आणि ‘सिक्युरिटी’ म्हणजे सुरक्षा या भागात जा.

तिथे सगळ्यात आधी रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल बघा. पासवर्ड विसरला तर खातं कोणाला परत द्यायचं, हे गूगल या दोन गोष्टींवरून बरंच ठरवतं. तिथे सेंटरवाल्याचा, भाच्याचा किंवा तुमचाच पण कधीच बंद झालेला नंबर असेल तर तो काढून चालू नंबर घाला. आपल्याकडची पोरं शिकायला कोल्हापूर-पुण्याला जातात, कामाला गोव्यात जातात, तिथे नवं सिम घेतात आणि जुनं रिचार्जविना बंद पडतं. बंद पडलेला नंबर कंपनी कायम राखून ठेवत नाही. ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो. मग तुमच्या खात्याचा ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो.

एक बारकावा लक्षात ठेवा. रिकव्हरी नंबर बदलला तरी पुढचे ७ दिवस गूगल जुन्या नंबरावर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. तुमच्या नकळत कोणी नंबर बदलला तर तुम्हाला वाव मिळावा म्हणून ही सोय आहे. म्हणून नंबर बदलल्या दिवशीच सगळं मिटलं असं धरू नका, आठवड्याने पुन्हा एकदा तिथे डोकावा.

त्यानंतर त्याच भागात ‘युअर डिव्हायसेस’ बघा. तुमचं खातं ज्या ज्या फोनवर आणि कॉम्प्युटरवर उघडं आहे त्यांची यादी तिथे दिसते. ओळखीचं नसलेलं, विकून टाकलेलं किंवा सेंटरमधलं जे असेल तिथून साइन आउट करा. मग पासवर्ड बदला. हे सगळं स्वतःच्या फोनवर करा. सेंटरमध्ये बसून तिथल्याच कॉम्प्युटरवर पासवर्ड बदलण्यात काही अर्थ नाही.

पुढच्या वेळी अर्ज भरायला जाल तेव्हा पासवर्ड तोंडी सांगू नका, स्वतः टाइप करा. फोन सोबत न्या आणि ओटीपी तुमच्याच नंबरावर येऊ द्या. “दादा, काम झालं की माझं खातं लॉगआउट करून दाखव बघू” हे म्हणायला संकोच वाटून घेऊ नका. चांगला सेंटरवाला रागावत नाही, उलट त्याच्याही डोक्यावरची जबाबदारी कमी होते.

पासवर्ड आणि त्यामागचं दुसरं कुलूप

पासवर्ड किचकट असण्यापेक्षा लांब असणं महत्त्वाचं. नावातल्या ‘ए’च्या जागी ॲटचं चिन्ह टाकायची युक्ती चोरांच्या सॉफ्टवेअरला पाठ आहे. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन लिपीत ओळीने लिहा, जसे विळी, तिकीट, पाऊस, हार्मोनियम. हेच शब्द उचलू नका, तुमचे तुम्ही निवडा, आणि त्यात मुलांची नावं, गावाचं नाव, गाडीचा नंबर नको. असा पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलत बसायची गरज नाही. अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ पासूनच सांगितलंय की पासवर्ड फुटल्याचं दिसलं तर बदला, उगाच ठरावीक मुदतीने बदलायला लावलं की लोक सोपे पासवर्ड ठेवू लागतात.

फुटला की नाही हे कसं कळणार? ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये ‘हॅव आय बीन पॉन्ड’ नावाची मोफत साइट सुरू केली. तिथे आपला ईमेल पत्ता टाकला की तो कुठल्या कंपनीच्या चोरीला गेलेल्या माहितीत सापडला ते दिसतं. तिथे फक्त पत्ता टाकायचा असतो. ईमेलचा पासवर्ड मागणारी साइट दिसली तर ती दुसरीच कुठली तरी आहे असं समजा आणि बाहेर पडा. पत्ता यादीत सापडला म्हणून घाबरू नका. त्या कंपनीच्या साइटवर जो पासवर्ड होता तोच ईमेललाही ठेवला असेल, तर मात्र आत्ताच्या आत्ता बदला.

प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड लक्षात राहत नाही, हे खरं. त्यासाठी ‘बिटवॉर्डन’ हे ॲप मोफत आहे. फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीवर चालतं आणि कितीही पासवर्ड साठवतं. तुम्ही फक्त एक मोठा पासवर्ड लक्षात ठेवायचा. घरातल्या वडीलधाऱ्यांना ॲप जमत नसेल तर कपाटात कुलपाआड ठेवलेली वही चालेल. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा ती वही कितीतरी बरी. हाच पासवर्ड फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी करून ठेवलेला मात्र नको.

आता दुसरं कुलूप. सुरक्षेच्या त्याच पानावर ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ आहे, ते सुरू करा. मग पासवर्ड कळला तरी नव्या फोनवरून आत शिरताना आणखी एक कोड किंवा तुमच्या फोनवर ‘हो, मीच’ असं दाबणं लागतं. कोड एसएमएसने येऊ शकतो, पण कणकुंबीसारख्या घाटावरच्या गावात पावसाळ्यात रेंज गेली की तो येत नाही. ‘गूगल ऑथेंटिकेटर’ हे मोफत ॲप दर ३० सेकंदांनी सहा आकडी कोड फोनवरच तयार करतं, त्याला रेंज लागत नाही. टू-स्टेपच्या पानावरच गूगल दहा बॅकअप कोडही देतं, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहून घराच्या उताऱ्यांच्या फायलीत ठेवा. फोन हरवला, पाण्यात पडला, तर तोच कागद तुम्हाला खात्यात परत नेईल.

मेल कोणाचा आहे, हे वाचायचं कसं?

मेल पाठवण्याची जी पद्धत आजही वापरात आहे तिचे नियम १९८२ मध्ये लिहिले गेले. तेव्हा जोडलेले कॉम्प्युटर मोजकेच होते, लोक एकमेकांना ओळखत होते. त्यामुळे पाठवणाऱ्याने जे नाव लिहिलं ते खरं मानलं जाई. तो ढिलेपणा अजून पुरता गेलेला नाही. मेलवर ‘आयकर विभाग’ किंवा तुमच्या बँकेचं नाव दिसतं ते पाठवणाऱ्याने स्वतः टाइप केलेलं असतं. म्हणून नावावर बोट ठेवून खरा पत्ता उघडून बघायचा.

पत्ता असो वा लिंक, ती उजवीकडून डावीकडे वाचा. लिंकमध्ये सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्याला लागून असलेल्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यापुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्या आणि त्याचं शेपूट बघा. भारतातल्या बहुतेक सरकारी साइट ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतात. कर्नाटक सरकारच्या बहुतेक साइटना त्याआधी ‘कर्नाटका’ असतं. जमिनीचा आरटीसी उतारा जिथे मिळतो ती सरकारच्या ‘भूमी’ योजनेची साइट ‘लँडरेकॉर्ड्स डॉट कर्नाटका डॉट जीओव्ही डॉट इन’ अशी आहे. आता समजा लिंक अशी आली: ‘लँडरेकॉर्ड्स डॉट कर्नाटका डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अपडेट डॉट टॉप’. सुरुवात हुबेहूब सरकारी, पण शेपूट ‘अपडेट डॉट टॉप’ आहे आणि मालक तोच आहे. डावीकडे काय लिहायचं हे चोराच्या हातात असतं, शेपूट मात्र त्याला विकत घ्यावं लागतं.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने वेगळं शेपूटच राखून ठेवलंय. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी आपल्या साइट ‘बँक डॉट इन’वर न्याव्यात असा आदेश होता. यात बँक या शब्दाआधीही टिंब असतं, हे नीट बघा. ‘अमुक, टिंब, बँक, टिंब, इन’ हा पत्ता फक्त बँकांना मिळतो. ‘अमुकबँक’ असं सलग लिहून पुढे ‘डॉट इन’ लावलेला पत्ता कोणीही विकत घेऊ शकतो.

आपल्याकडचा आणखी एक प्रश्न भाषेचा आहे. सरकारी मेल कन्नडमध्ये येतात. बोलताना कन्नड समजणाऱ्यांनाही कार्यालयीन कन्नड वाचायला जड जातं. मग फोनच दुसऱ्याच्या हातात दिला जातो, “जरा वाचून सांग की रे”. तसं करायची गरज नाही. जीमेलच्या ॲपमध्ये ऑगस्ट २०२३ पासून भाषांतराची सोय आहे. मेल उघडून वरच्या तीन टिंबांवर दाबा, ‘ट्रान्सलेट’ निवडा, भाषा मराठी ठेवा. भाषांतर अडखळतं, कधी हास्यास्पदही होतं, पण मेल कशाबद्दल आहे ते कळतं. तारखा, रकमा आणि अर्ज क्रमांक मूळ मेलमधूनच घ्या. आणि मेल शुद्ध कन्नडमध्ये किंवा सुबक मराठीत आहे म्हणजे खरा आहे, हा समज सोडून द्या. चोरांकडेही तेच भाषांतराचं यंत्र आहे.

शंका आली तर मेलमधली लिंक न दाबता साइटचा पत्ता स्वतः टाइप करून जा. संशयास्पद लिंक किंवा फाइल तपासायला ‘व्हायरसटोटल’ ही मोफत साइट आहे, ती एकाच वेळी अनेक अँटिव्हायरसकडून तपासून सांगते. मात्र तिथे टाकलेली फाइल इतर संशोधकांनाही मिळू शकते, म्हणून आधार कार्ड किंवा पगाराचे कागद तिथे चढवू नका.

उद्यमबागेतल्या मालकांसाठी

बेळगावात उद्यमबाग, मच्छे भागात फाउंड्री आणि मशीन शॉप चालवणाऱ्यांना सगळ्यात मोठा फटका एका साध्या दिसणाऱ्या मेलमुळे बसू शकतो. समजा, एक मालक परदेशात कास्टिंग पाठवतो. ऑफिसचा एकच ईमेल, पासवर्ड चार जणांना माहीत. त्यातल्या एकाने खोट्या लॉगिन पानावर पासवर्ड टाकला आणि चोर आत आला. तो काहीच चोरत नाही, काही पुसत नाही. सेटिंगमध्ये जाऊन एक फिल्टर लावतो: ज्या मेलमध्ये ‘इन्व्हॉइस’ किंवा ‘पेमेंट’ हे शब्द असतील त्याची प्रत बाहेरच्या पत्त्यावर जाऊ दे. आणि वाट बघतो. माल जहाजावर चढला, बिल गेलं, की ग्राहकाला एक मेल जातो. खाली जुना सगळा पत्रव्यवहार तसाच, सही तीच, कंपनीचा लोगो तोच. मजकूर एवढाच की ऑडिटमुळे आमचं खातं सध्या बंद आहे, रक्कम या नव्या खात्यात भरा. पत्त्यात इंग्रजी ‘एम’ अक्षराच्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी लिहिलेले. छोट्या स्क्रीनवर ते ‘एम’सारखेच दिसतात. ग्राहक पैसे भरतो, तुम्ही वाट बघत राहता, आणि घोळ उघड होतो तेव्हा दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

इथे महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा एक शिस्त जास्त उपयोगी पडते. बँक खातं बदलल्याचा मेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरावर फोन करून खात्री करायची, मेलमध्ये दिलेल्या नंबरावर नाही. आणि प्रत्येक इन्व्हॉइसवर ठळक ओळ छापायची की आमचं बँक खातं आम्ही फक्त मेलवर कधीही बदलत नाही. देशातल्या सप्लायरला एनईएफटी किंवा आरटीजीएसने पैसे पाठवताना खातेदाराचं नाव आधी दिसण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पासून द्यायची आहे. ते नाव वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

कंपनीचा स्वतःचा डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात ॲटच्या चिन्हापुढे कंपनीचं स्वतःचं नाव, असेल तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तीन नावं लिहून घ्या आणि ज्याच्याकडून डोमेन घेतला त्याला विचारा. पहिलं सांगतं की आमच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे. दुसरं मेलवर एक डिजिटल सही उमटवतं. तिसरं समोरच्याला कळवतं की या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, येऊ द्यायचा, स्पॅममध्ये टाकायचा की परत लावायचा. ‘एमएक्सटूलबॉक्स’ या साइटवर आपल्या डोमेनचं नाव टाकून एसपीएफ आणि डीमार्क जागेवर आहेत का ते फुकट तपासता येतं; डीकेआयएमसाठी ‘सिलेक्टर’ नावाचा आणखी एक शब्द लागतो, तो मेलची व्यवस्था बघणाऱ्याकडून घ्या. ‘आर-एन’वाला दुसराच डोमेन यांनी अडत नाही, तुमच्या खऱ्या डोमेनच्या नावाने होणारी नक्कल अडते. फोन करायची शिस्त म्हणूनच सोडायची नाही.

आणि दर महिन्याला जीमेलच्या सेटिंगमधल्या फिल्टर आणि फॉरवर्डिंगच्या याद्या बघा. या कॉम्प्युटरवरच दिसतात, फोनच्या ॲपमध्ये नाहीत.

भरलेला इनबॉक्स

गूगलची मोफत जागा १५ जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटो मिळून आहे. ॲन्ड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. ग्रुपवरच्या व्हिडिओंनी जागा भरली की नवे मेल आत येत नाहीत, पाठवणाऱ्याकडे परत जातात. मुलाखतीचं पत्र असं परत गेलं तर त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. मग जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘लार्जर’, लगेच कोलन, लगेच ‘१०एम’ असं इंग्रजी आकड्यांत, मध्ये जागा न सोडता लिहा. १० एमबीपेक्षा मोठे मेल एकत्र दिसतील. नको ते पुसा आणि ट्रॅशही रिकामा करा, नाहीतर ते तिथे ३० दिवस जागा अडवून बसतात.

जाहिरातींच्या मेलसाठी जीमेलच्या डाव्या मेनूत ‘मॅनेज सबस्क्रिप्शन्स’ आहे. एकेकाला तिथूनच बंद करा. ओळखीच्या दुकानाच्या मेलमधलं ‘अनसबस्क्राइब’ दाबायला हरकत नाही, अनोळखी मेल मात्र सरळ स्पॅममध्ये टाका. जपून ठेवायचे मेल कॉम्प्युटरवर उतरवायला मोझिलाचं ‘थंडरबर्ड’ मोफत आहे, आणि ‘गूगल टेकआउट’मधून सगळ्या खात्याची प्रत काढता येते. अगदी खाजगी पत्रव्यवहारासाठी स्वित्झर्लंडच्या ‘प्रोटॉन मेल’चं मोफत खातं चांगलं आहे. काढून ठेवलेलं आणि विसरलेलं गूगल खातं दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल ते पुसून टाकू शकतं, हेही ध्यानात असू द्या. पेन्शनसाठी काढलेल्या खात्यात अधूनमधून शिरत जा.

खातं हातचं गेलं असेल तर

वेळ घालवू नका. जो फोन तुम्ही रोज वापरता त्याच फोनवरून, घरच्याच वायफायवरून गूगलचं अकाउंट रिकव्हरीचं पान उघडा. ओळखीचं डिव्हाइस आणि ओळखीची जागा गूगल जमेस धरतं, म्हणून यासाठी सेंटरवर धावू नका. चोराने रिकव्हरी नंबर बदलला असला तरी वर सांगितलेले ते ७ दिवस तुमच्या बाजूने असतात. जुन्या नंबरावर कोड मागून बघा. आत शिरलात की पासवर्ड, डिव्हायसेस, फिल्टर आणि फॉरवर्डिंग, याच क्रमाने साफ करा.

पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन करा, मग ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन पोलीस ठाणं आहे, तिथेही जाता येतं. फसवणुकीचा मेल रागाने पुसून टाकू नका. कॉम्प्युटरवर तो मेल उघडून तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ निवडा आणि मूळ मेल डाउनलोड करून घ्या. मेल कुठल्या सर्व्हरवरून निघाला याची नोंद त्यात असते. स्क्रीनशॉटमध्ये ती येत नाही, म्हणून पोलिसांकडे जाताना ही फाइल पेनड्राइव्हवर सोबत न्या.